सतरा नंबरचं रीळ

माझं नाव एका इंग्रजी पुस्तकात छापलेलं आहे. हे मी गावातल्या प्रत्येकाला निदान तीनदा सांगितलंय, तेव्हा तुम्हालाही सांगून टाकतो. पुस्तक १९७४ साली परदेशात निघालं. पान नऊ, खालून चौथी ओळ : संभाजीच्या मदतीवाचून हे पुस्तक लिहून झालं नसतं. आडनाव नाही, वडलांचं नाव नाही, नुसतं संभाजी. पण आहे. त्या पानाची झेरॉक्स लॅमिनेट करून मी बैठकीच्या खोलीत लावली आहे. विजयमाला, म्हणजे आमची मंडळी, ती पुसताना दर वेळी विचारते, "आज काही नवीन लिहून आलंय का हो यात?"

पुस्तक आमच्या गावावर आहे. पुण्याजवळ, मांजरीच्या अलीकडे, मुळा-मुठेच्या काठी आमचं गाव. आता ते महापालिकेत गेलं आणि उसाच्या जागी बारा-बारा मजले उभे राहिले. पण १९६९ च्या जूनमध्ये प्रेस्टनसाहेब राहायला आले तेव्हा सगळा ऊसच होता. कोण कोणाच्या हातचं खातं, कोणाची सोयरीक कुठे होते, देवळात कोणाचा मान काय, हे सगळं लिहून काढायला ते आठ महिने राहिले. गावाने पहिल्याच आठवड्यात त्यांचं 'पिस्टनसाहेब' करून टाकलं, कारण पंपाचा पिस्टन सगळ्यांना माहीत होता. मी तेवीस वर्षांचा होतो, इंटरला इंग्रजीत पास आणि बाकी सगळ्यात नापास. गावात तेवढंही इंग्रजी दुसऱ्या कोणाला येत नव्हतं, म्हणून साहेबांचा मदतनीस मी झालो.

गावाची ओळख लपावी म्हणून साहेबांनी पुस्तकात गावाचं नाव बदलून नदीपूर केलं. मुखपृष्ठावरच्या फोटोत मात्र देवळाची पाटी स्वच्छ वाचता येते. असा एकंदर प्रकार.

मदतनिसाचं काम लोकांना वाटतं तसं नुसतं भाषांतराचं नसतं. साहेब विचारणार, "तुमच्या घरात निर्णय कोण घेतं?" हे जसंच्या तसं एखाद्या बाईला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून आत जाईल. मग मी विचारायचो, "वैनी, बाजाराला काय आणायचं ते कोण सांगतं?" बाया साहेबांच्या तोंडावर त्यांच्या पांढऱ्या पायांची टिंगल करायच्या आणि मी म्हणायचो, "शी इज व्हेरी हॅपी टू मीट यू." कोणाकडे कधी जायचं, कोणाच्या घरी आधी चहा घेतला तर कोण रुसेल, कोणाला वडलांबद्दल विचारायचं नाही, हे सगळं माझ्या डोक्यात. साहेब भला माणूस होता. चार वेळा पोट बिघडलं तरी कोणाच्या घरचा पेला परत केला नाही. माझ्यावर त्यांचा पुरता विश्वास होता. मी जे म्हणेन ते त्यांच्या वहीत जायचं, आणि वहीतलं पुस्तकात.

ते गेल्यावर मी हडपसरच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. पुस्तक मात्र मिरवायचं सोडलं नाही. दर जत्रेला देवळापुढे उभा राहून पुस्तकात गावाबद्दल काय काय आहे ते सांगायचो. लोक ऐकायचे. हळूहळू झालं असं की गावात काही वाद निघाला की लोक म्हणायला लागले, "पिस्टनसायबाच्या पुस्तकात काय हाय ते बघा."

२०११ साली देऊळ नवं संगमरवरी झालं. ट्रस्टचा अध्यक्ष उदयसिंग, माझा चुलतपुतण्या, म्हणजे माझे चुलते जयसिंगतात्या यांचा नातू. बांधकामाच्या धंद्यात आहे, माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं दगडात कोरायची हौस. जत्रेच्या मानकऱ्यांची नावं देवळाच्या भिंतीवर कोरायची ठरली. तो माझ्याकडून पुस्तक घेऊन गेला आणि जाता जाता म्हणाला, "काका, खाली लिहिणार आपण, माहिती साहाय्य : संभाजीराव, पूर्ण नाव, आडनावासकट."

मी रात्रभर खूश होतो. एकशे बारावं पान मला आठवत नव्हतं असं म्हणणार नाही. आठवत होतं. मी पुस्तक दिलं.

एकशे बाराव्या पानावर जानाईच्या पहिल्या घागरीबद्दल आहे. जत्रेच्या दिवशी सकाळी देवीला जी पहिली घागर घालतात, ती आमच्या गावात कोळ्यांच्या घरातली थोरली सून घालते. मग पाटलांचा, म्हणजे आमचा, नैवेद्य. मला कळायला लागल्यापासून मी हेच बघत आलो. आधी सोजरकाकी घालायच्या, त्या गेल्यापासून त्यांची सून सरुबाई. आता नदीचं पाणी हाताला लावायची सोय उरली नाही, तर सरुबाई विकतच्या जारमधलं पाणी तांब्याच्या घागरीत भरते, काठापर्यंत जाते, घागर नदीला दाखवते आणि मग देवळात येते. पण जाते. एक वर्ष चुकलेलं नाही.

पुस्तकात लिहिलंय, पहिली घागर पाटलांची आणि कोळी कुटुंब फक्त पाणी वाहून आणतं.

साहेब फेब्रुवारीत परत गेले आणि जत्रा चैत्रात. त्यांनी ती पाहिलीच नाही. पाहिली असती तर त्यांच्या डोळ्यांना दिसलं असतं.

मार्चमधल्या एका गुरुवारी सरुबाई माझ्या दारात आली. माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, पण गुडघे गेलेले. पायरीवरच बसली. विजयमालाने आत बोलावलं तरी उठली नाही.

"भावजी, उदयसिंग म्हंतो औंदा पैली घागर त्याची बायकू घालनार. तुमी दुसरी घाला म्हंतो. दुसरी घागर कशाला लागती वो? पाय धुवायला?"

गुडघे चोळत ती पुढे बोलली.

"मी म्हनलं, माझी सासू घालत व्हती, तिची सासू घालत व्हती. तर म्हंतो, पुस्तकात दावा. मला लिवता-वाचता येत न्हाई. पर सायबाला सासूबाईंनीच समदं सांगितलं व्हतं. मी तवा नवी नवरी, ह्या कानांनी घरात ऐकलंय त्यांच्या तोंडनं. सायबाला सांगून आले म्हनल्या. तुमी व्हता की तिथं."

"होतो," मी म्हणालो.

"मग ऐतवारी मिटिंग हाय. तेवढं सांगा. मला काय भांडायचं न्हाई. सुनंच्या डोईवर ठिवायची हाय घागर, म्या मरायच्या आधी. एवढंच."

"बघू," मी म्हणालो. ती गेल्यावर विजयमालाने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पायरीवर तिच्यासाठी आणलेला चहा स्वतः पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी नीरजा येणार होती. कसबा पेठेतली मुलगी, विद्यापीठात पीएच.डी. करणारी. तिने महिनाभर आधी फोन केला होता. तिचा विषय काय, तर परदेशी अभ्यासकांबरोबर काम केलेले इथले मदतनीस! "काका, साहेबांवर सगळ्यांनी लिहिलंय," ती म्हणाली होती, "मला तुमच्यावर लिहायचंय." बेचाळीस वर्षं मी या फोनची वाट पाहत होतो, असं म्हटलं तरी चालेल. मी इस्त्रीचा सदरा घालून सकाळी नऊपासून बसून होतो.

दोन तास बोललो, अगदी रविवारी ठरणाऱ्या दगडापर्यंत. तिने एका शब्दाने अडवलं नाही. मग लॅपटॉप उघडून म्हणाली, "काका, प्रेस्टन वारल्यावर त्यांच्या बायकोने सगळ्या टेप तिकडच्या विद्यापीठाला दिल्या. मी प्रती मागवल्या. सतरा नंबरचं रीळ ऐकू या का? तुमचा आवाज आहे."

साहेबांचा टेपरेकॉर्डर मला आठवला. दप्तराएवढा, खांद्याला अडकवायचा, दोन रिळं गोल फिरणारी. सोजरकाकी त्याला घाबरल्या नव्हत्या. "ह्यो काय खातो?" असं विचारलं होतं त्यांनी.

लॅपटॉपमधून आधी कावळे ऐकू आले. मग साहेबांचा प्रश्न, मग मी. किती पातळ आवाज होता माझा. मग सोजरकाकी, अगदी समोर बसल्यासारख्या : "पैली घागर आमची. कोळ्याच्या घरातल्या थोरल्या सुनंची. देवी नदीतनं आमच्या जाळ्यात आली, म्हनून. पाटलाचा निवद मागनं."

आणि मग मी, इंग्रजीत, न अडखळता : "शी सेज, द फर्स्ट पॉट बिलाँग्ज टू द पाटील. हर फॅमिली ओन्ली कॅरीज द वॉटर."

मागे कट्ट असा एक आवाज झाला.

मी लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं. नीरजाची बोटं थोडक्यात वाचली.

"अजून थोडं आहे पुढे," ती म्हणाली.

"नको."

"बरं. साहेबांना मराठी फारसं येत नव्हतं. सोजरबाईंना इंग्रजी येत नव्हतं. दोन्ही येणारे तुम्ही एकटेच होतात. पकडणार कोण? सोयीचंच होतं म्हणायचं."

मला राग आला. खोटं पकडलं गेलं की जसा येतो तसा. मी म्हणालो, "तुम्ही शहरातली माणसं. तुम्हाला काय माहीत चुलत्याच्या ओसरीवर बसणं काय असतं? तो कट्ट आवाज ऐकलात ना? अडकित्ता होता तो. जयसिंगतात्या मागे बसून सुपारी कातरत होते. साहेब कुठेही गेले तरी तात्या तिथे. वडील गेल्यावर आमचं घर त्यांच्याच हाताखाली होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण नावं कळायची. पाटील म्हटलं की पाटील, कोळी म्हटलं की कोळी; ते काय इंग्रजीत बदलत नाही. मी पहिल्या घागरीबरोबर कोळी म्हटलं असतं तर अडकित्ता थांबला असता."

"आणि संध्याकाळी? साहेब एकटे असताना?"

संध्याकाळी सांगू म्हटलं होतं. मग उद्या म्हटलं. मग वाटलं, घागरभर पाणी ते काय, कोण वाचणार आहे. पुढे पुस्तक आलं, त्यात माझं नाव आलं, आणि मग सांगायचं म्हणजे माझ्याच ओळीवर रेघ मारायची. हे सगळं मी नीरजाला सांगितलं. आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. विजयमाला दारात उभी राहून ऐकत होती हे मला नंतर कळलं.

नीरजाने लॅपटॉप आवरला. मग तिने बॅगेतून पेन ड्राइव्ह काढून टीपॉयवर ठेवला.

"मला हे प्रबंधात लिहावंच लागेल, काका. पण प्रबंधाला दोन वर्षं लागतील आणि तो चार लोक वाचतील. तुमचा दगड रविवारी ठरतोय. ही प्रत तुमच्याकडे राहू दे. आवाज तुमचा आहे." चपला घालताना ती थांबली. "आणि एक. तुम्ही खोटे मदतनीस होतात असं मी लिहिणार नाही. बाकीची एकोणतीस रिळं मी ऐकली आहेत. तुम्ही फार चांगले होतात. म्हणून तर हे एक कानाला टोचलं."

शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार मी घराबाहेर पडलो नाही. भिंतीवरचं लॅमिनेट केलेलं पान दोनदा काढलं आणि दोनदा परत लावलं. संभाजी, नुसतं संभाजी. आणि दगडावर पूर्ण नाव येणार होतं. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. या वयात माणसाला दुसरं काय हवं असतं? शनिवारी जेवताना विजयमाला म्हणाली, "सरुबाईला तुम्ही बघू म्हणालात. ती वाट बघत असेल." त्यावर मी ताट सरकवून उठलो.

रविवारी सभामंडपात साठ-सत्तर माणसं होती. बायका एका बाजूला, सरुबाई खांबाला टेकून, शेजारी तिची सून. उदयसिंगने दगडाचा नमुना कागदावर काढून आणला होता. पुस्तक समोर पाटावर, वर फूल. त्याने ते वाचायला माझ्याकडे दिलं. "काका, पान एकशे बारा. आपणच वाचा, आपणच लिहून घेतलंय."

मी म्हणालो, "पुस्तक राहू दे. मूळ ऐका."

देवळात आरतीसाठी मशीन आहे, त्याला पेन ड्राइव्ह लागतो. पुजाऱ्याने सकाळची भूपाळी काढली आणि माझा लावला. कळसावरचा भोंगा बंद करायचा राहून गेला. कावळ्यांचा आवाज आधी बाहेर रस्त्यावर घुमला, मग आत.

मी मनात भाषण तयार केलं होतं. मी लहान होतो, चुलते मागे बसले होते, दिवस तसे होते. पण सोजरकाकींचा आवाज आला आणि म्हाताऱ्या बायकांनी माना वर केल्या. सरुबाई खांबापासून पुढे सरली. मग माझं इंग्रजी. १९६९ साली ते कळणारं माझ्याशिवाय एकही माणूस गावात नव्हतं. आता निम्म्या मंडपाला कळलं. उदयसिंगची मुलगी हेमा, इंजिनियरिंगला आहे, ती पटकन बोलून गेली, "अहो आजोबा, पण ती आजी असं म्हणालीच नाही!"

मी मशीन थांबवलं.

"काय म्हनला रं इंग्रजीत?" मागून एक म्हातारा ओरडला. "आमाला बी सांगा की."

हेमा सांगायला निघाली होती. मी तिला हाताने थांबवलं. हे काम माझं होतं. मी उभा राहिलो आणि माझंच वाक्य मराठीत सांगितलं. "मी साहेबाला म्हणालो, ही बाई सांगते की पहिली घागर पाटलांची, आणि हिचं घर फक्त पाणी वाहतं. सोजरकाकी तसं म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी काय सांगितलं ते तुम्ही आता ऐकलंत. मी ते उलटं सांगितलं. मुद्दाम. पुस्तकात चूक साहेबाची नाही, माझी आहे."

एक शब्द न गाळता केलेलं ते भाषांतर. त्यानंतर भाषणातलं काही आठवेना. मला भयंकर लाज वाटत होती.

उदयसिंग लाल झाला होता. त्याने पुस्तकावरचं फूल उचललं, कुठे ठेवावं ते न कळून हातात धरून राहिला. त्याच्या आजोबांचं नाव मी घेतलं नव्हतं. पण मंडपातल्या म्हाताऱ्यांनी तो अडकित्ता ओळखला असणार. शेवटी तो म्हणाला, "दगडवाल्याला फोन करतो. पहिली घागर कोळ्यांची, असं कोरू." आणि जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "खालची ओळ काढू या, काका." मी मान हलवली.

मला वाटलं, संपलं. पेन ड्राइव्ह काढायला मी मशीनजवळ गेलो. बटण चुकीचं दाबलं गेलं आणि रीळ पुढे चालू झालं. नीरजाच्या समोर मी जे ऐकलं नव्हतं ते.

साहेबांचा आवाज आला, मोडक्या मराठीत, "धन्यवाद, सोजरबाई." मग सोजरकाकी, हलक्या आवाजात, साहेबाला नाही, मला :

"समदं सांगितलंस न्हवं रं, संभा? माझं समदं?"

आणि तो पातळ आवाज, माझा :

"व्हय काकी. समदं सांगितलं."

याचं भाषांतर कोणी विचारलं नाही.

मी तिथेच मशीनपाशी उभा होतो. मला हे आठवतच नव्हतं. घागरीचं आठवत होतं, तात्यांचं आठवत होतं, बेचाळीस वर्षं मी तेच स्वतःला सांगत आलो. काकींनी मला विचारलं होतं, हे मी साफ पुसून टाकलं होतं. त्या घरी गेल्या आणि नव्या सुनेला म्हणाल्या, सायबाला सांगून आले.

मागून कोणीतरी माझ्या दंडाला धरलं. सरुबाई होती, दुखऱ्या गुडघ्यांनी उठून आलेली. मला वाटलं, आता बोलेल ती. बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती स्पीकरकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"सासूबाई हायती," ती तिच्या सुनेला म्हणाली. "आगं, त्यांचाच आवाज. सत्तावीस वर्सं झाली." मग माझ्याकडे वळली. "भावजी, पुन्यांदा लावा की. ते शेवटचं, हळू बोलत्यात ते."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला तिच्या सासूचा आवाज हवा होता. त्याच्यामागे येणारा माझा तिला ऐकूच येत नसावा.

मी परत लावलं. बाहेर भोंगा चालूच होता.